शरयूच्या नावाचे तांदूळ

मार्गशीर्षातली सकाळ खाडीवर उतरली तेव्हा ओहोटी लागली होती. चिखलाच्या ओल्या, रुपेरी पाठीवर ऊन निजले होते, आणि बगळे एका पायावर उभे राहून त्या उन्हाची राखण करीत होते. पाणी चालले होते. वरच्या वाडीत या पाण्याला नदी म्हणतात, पुलाखाली खाडी म्हणतात, आणि दीपगृहापलीकडे गेले की समुद्र. एकाच गावात, एकाच दिवसात तीन नावे. कुणी त्या पाण्याकडे प्रतिज्ञापत्र मागितले नव्हते.

ऋजुता धक्क्याच्या पायरीवर बसून ते जाणारे पाणी पाहत होती. माईला जाऊन अकरा दिवस झाले होते.

माई. कागदोपत्री ऋजुताचा बाप असलेली. गावाने जिला चौतीस वर्षे खाकी कपड्यांतला पोस्टमन म्हणून पाहिले, आणि जिने निवृत्तीनंतरच्या एका सकाळी अबोली रंगाची साडी नेसून ओटीवर येऊन शांतपणे सांगितले, की मी बाई आहे, जन्मापासून बाईच होते, आणि माझे नाव शरयू. ऋजुता नऊ वर्षांची असतानाच तिची आई वारली होती. आई या शब्दाची जागा रिकामी नव्हती, म्हणून ऋजुताने माई हा शब्द शोधला. तिने पहिली हाक मारली तेव्हा शरयूच्या हातातली कपबशी किणकिणली होती, आणि मग कितीतरी वेळ घर किणकिणत राहिले होते.

जुने नाव या कथेत येणार नाही. ते इतरत्र पुष्कळ आहे.

आज ते बाजारपेठेच्या नाक्यावर होते. दहा फुटी फलकावर, रक्तवर्ण, जाडजूड अक्षरांत. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये तीस वर्षांपूर्वीचा मिशीवाला फोटो, नावाच्या कोपऱ्याला मुंगीएवढे ‘उर्फ शरयू’. आणि खाली बारा वर्तुळांत बारा चेहरे: नामबदल पाठिंबा समिती. बाराही जण हसत होते. मरणाच्या फलकावर हसायला फार मोठे अंतःकरण लागते. समितीकडे ते होते.

पाठिंबाही तसाच देखणा होता. दोन वर्षांपूर्वी शरयूने नाव बदलण्यासाठी अर्ज करायचे ठरवले, तेव्हा वाचनालयाच्या भिंतीवर धुवट पांढरे कापड लावले गेले आणि त्यावर चारशे सह्या झाल्या. निळ्या, हिरव्या, जांभळ्या. वेलबुट्टीदार, नक्षीदार, आत्मप्रसन्न सह्या. समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य उकिडवे. शुभ्रवस्त्र, चंदनगंध, मंदस्मित. त्यांनी शरयूच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून ते म्हणाले, “अख्खं गाव तुमच्या पाठीशी आहे.” गाव पाठीशीच राहिले. पुढे आले नाही.

कारण मग तो एक कागद आला. घराबाहेरच्या कुणीतरी त्यावर लिहून द्यायचे होते, की या व्यक्तीला मी शरयू म्हणून ओळखतो. फक्त एक सही. पांढऱ्या कापडावर नव्हे, शिक्क्याखाली.

“अहो, एक काय, दहा देईन,” डॉक्टर म्हणाले. “पण मुलीचं ठरतंय. तेवढं होऊन जाऊ दे.”

“मनाने आम्ही तुमचेच हो,” वाचनालयाच्या चिटणीसबाई म्हणाल्या. “कागदावर कशाला?”

उकिडव्यांनी चष्मा पुसला. “तत्त्व म्हणून पाठिंबा देणं वेगळं,” ते म्हणाले, “आणि व्यक्तिशः ओळख देणं वेगळं.”

ते चारशे सह्यांचे कापड तेव्हा घडी होऊन, डांबराच्या गोळ्या घालून, वाचनालयाच्या कपाटात निजले होते. त्याला कसर लागू नये याची समितीने फार काळजी घेतली.

सही केली अनसूयेने. मासळीची पाटी उतरवून, खवलेभरले हात अंगणातल्या बादलीत धुऊन, पदराला पुसून, तिने चार अक्षरे काढली. होडी ओढावी तशी, एकेक करून, दम घेत.

“माझ्या भावाची पत्रं पारूच्या नावानं यायची,” ती ऋजुताला म्हणाली. “या गावात पारूला कोण वळखत होतं गो? सासरी आल्या दिवशी अनसूया झाले मी. पण हिनं बरोबर माझ्या दारात आणून टाकली. कधी विचारलं नाय, तू पारू कशावरून.”

तसेच होते. शरयूला गावातल्या प्रत्येक बाईची दोन नावे ठाऊक होती. नवी सून माप लवंडते, उंबरठा ओलांडते, ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात चार रेघा ओढतो, आणि अठरा-वीस वर्षांची एक मुलगी त्या रेघांखाली निमूट पुरली जाते. पेढे वाटतात. गाव नवे नाव एका दमात पाठ करते. पण माहेरची पत्रे जुन्याच नावाने येत राहतात, आणि तापल्या रस्त्यावरून, सायकलची घंटा वाजवीत, शरयू ती पुरलेली नावे घरोघर परत नेऊन देत असे.

एकच पत्र तिच्या हातून पोहोचले नाही. पाकिटावर एवढेच होते: ‘शरयू, खाडीजवळ’. आडनाव नाही, घर नाही. तिने आठवडाभर दारोदार विचारले. शेवटी नियमाप्रमाणे पत्र परत पाठवले. नाव मात्र परत पाठवले नाही. ते तिने सत्तावीस वर्षे जपले, आणि मग एक दिवस ऋजुताला म्हणाली, “ते पत्र माझंच होतं गं. पत्ता सापडायला वेळ लागला.”

दुपारी दारात लाल गाडी थांबली. “शरयू मयेकर?” नव्या पोस्टमनने पाकीट पुढे केले.

“नाहीत,” ऋजुता म्हणाली, आणि सही केली.

आत ओळखपत्राचे कार्ड होते. कोरे करकरीत, गुळगुळीत, नव्या नावाचे. फोटोतली माई अबोली साडीत, जरा घाबरलेली, जरा हसरी. अकरा दिवस उशीर. ऋजुताने ते पदराने पुसले. त्यावर धूळ नव्हती.

पाच वाजता वाचनालयात शोकसभा भरली. टेबलावर तोच मिशीवाला फोटो, झेंडूचा हार, आणि ताटभर तांदळांवर तेवणारी समई. उकिडवे दुखवट्याचा ठराव वाचायला उभे राहिले. “आपले लाडके पोस्टमन श्रीयुत...”

ऋजुता उठली. तिने कार्ड त्यांच्यासमोर धरले. “काका, ठरावात हे नाव घ्या. तिला एवढंच हवं होतं.”

उकिडवे हसले, तेच वर्तुळातले हसू. “बाळ, माणसानं हेतू बघावा. लोकांना कळायला नको, गेलं कोण ते?”

ऋजुता टेबलाशी गेली. समई उचलून बाजूला ठेवली. तळहाताने तांदूळ सारखे केले, आणि बोटाने लिहिले. शरयू. मग ती पहिल्या रांगेत बसलेल्या उकिडवेकाकूंकडे वळली.

“काकू, तुमचं माहेरचं नाव काय हो?”

पंखा फिरत होता. काकूंनी पदर सावरला.

“चंपा,” काकू म्हणाल्या. आणि आपलाच आवाज ओळखू न आल्यासारख्या पुन्हा म्हणाल्या, “चंपा.”

“आणि लग्नातलं सुमती हे नाव गावाला पाठ व्हायला किती दिवस लागले?”

“दिवस कसले!” काकूंची नजर ताटावर खिळली होती. “पेढे संपायच्या आधी झालं होतं.” त्यांनी मान वळवली आणि नवऱ्याकडे पाहिले, रद्दीत चाललेल्या वर्तमानपत्राकडे पाहावे तसे. “वाचा ना. माझं तुम्हीच लिहिलं होतंत तांदळात. अक्षरं तशीच आहेत.”

उकिडव्यांनी चष्मा काढला. पुसला. घातला. घड्याळ पाहिले. “वेळेअभावी,” ते म्हणाले, “ठराव वाचल्याप्रमाणे मंजूर समजण्यात यावा.” आणि ज्यांनी चारशे सह्या केल्या होत्या त्या लोकांनी, खालच्या माना वर न करता, मंजुरीचे हात वर केले. हातांचे एक निष्पर्ण, शुष्क, शिष्ट बन.

काकूंचा हात वर झाला नाही. त्या टेबलापाशी आल्या, ताटावर वाकल्या, आणि पहिल्या इयत्तेतल्या मुलीसारखे, बोट ठेवून, मोठ्याने वाचले. “शरयू.”

“शरयूऽऽ,” दारातून अनसूया म्हणाली, पाटी डोक्यावर घेऊनच. पैलतीरावरच्या माणसाला हाक मारावी, तशी.

ऋजुताने ताट उचलले. नाक्यावरच्या बारा हसऱ्या चेहऱ्यांखालून ती धक्क्याकडे चालत गेली. मागे अनसूया, आणि चार पावले अंतर ठेवून, चपला हातात घेऊन, चंपा.

दुसरी ओहोटी लागली होती. पश्चिमेला केशर सांडले होते. ऋजुताने ताट कलते केले. तांदूळ पाण्यावर पडले, क्षणभर शुभ्र होऊन तरंगले, विखुरले, आणि चालू लागले. पुलाखालून गेले. दीपगृहापाशी गेले. पाणी नदी होते, खाडी होते, समुद्र झाले.

वाटेत त्याला कुणी अडवले नाही. कुणी उर्फ म्हटले नाही.