अहवालाच्या वरची ओळ

काउंटरवरच्या ताई वहीत उतरवलेल्या लिंकवर बोट फिरवत, पडद्याकडे बघत एकेक अक्षर ताडून पाहत होत्या. शेवटापर्यंत गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"मला तर बरोबर वाटतेय," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वाटण्याला आता काय अर्थ आहे म्हणा."

शेजारच्या स्टुलावर वेबसाइटवाली लॅपटॉप उघडून बसली होती. लॅबची ही साइट तिनेच बांधलेली. ताई पेशंटला मेसेजमधून लिंक पाठवायच्या, ती दाबली की रक्ताचा अहवाल उघडायचा. गेले अकरा दिवस मात्र अहवालाऐवजी लॅबचं पहिलंच पान उघडत होतं, हसऱ्या डॉक्टरांच्या फोटोसकट. लोक काउंटरवर येऊन ताईंना फाडून खायचे. ताईंनी फोन केला की ही बाई दर वेळी ऐकवायची, "माझ्याकडे व्यवस्थित उघडतेय. तुम्हीच कॉपी करताना काहीतरी घोळ घालताय." वही तेव्हापासूनची.

आज डॉक्टरांनीच बोलावलं म्हणून ती आली होती. तिने मेसेज तपासले, सगळे बिनचूक. मग लिंकमधल्या पत्त्यांच्या नियमांची फाइल उघडली. कोणता पत्ता आला की कोणतं पान दाखवायचं, ते तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर वरून खाली वाचत येतो आणि पहिला नियम लागू पडला की तिथेच थांबतो. शेवटची ओळ अहवालाची होती. आणि तिच्या बरोब्बर वर लिहिलेलं होतं: बाकी कुठलाही पत्ता आला तर पहिलं पान दाखवा.

'पान सापडलं नाही' हा संदेश डॉक्टरांना खटकायचा, म्हणून ही ओळ तिनेच घातली होती. जेवण गार होतंय म्हणून घाईघाईत, एक ओळ वर. घरच्या लॅपटॉपवर जुनीच प्रत चालू होती, तिथे सगळं उघडणारच! आणि त्या प्रतीच्या जिवावर ती अकरा दिवस एका पन्नाशीच्या बाईला शहाणपणा शिकवत होती. लाज वाटली तिला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने ओळ खाली नेली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"आता पाठवून बघा बरं एक."

ताईंनी स्वतःच्याच जुन्या अहवालाची लिंक स्वतःच्या फोनवर पाठवली आणि दाबली.

"अगं बाई, उघडला की!" त्यांचा चेहरा फुलला. "बघा, आज जमलं मला. लक्ष देऊन केलं ना."

"ताई, तुमचं कधी चुकलंच नव्हतं. चूक माझी आहे. मी एक ओळ भलत्याच जागी घातली होती."

ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या हो. जाता जाता मला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय, कळतं मला."

"जाता जाता म्हणजे?"

"सकाळीच सांगितलं डॉक्टरांना, महिनाअखेरीला काम सोडते म्हणून. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं, याच वयात. आधी आकडे विसरली, मग माणसं. माझी मुलगी म्हणत होती, आई, तुझं नाही चुकत. मीच तिला म्हटलं, बनवणारी बाई सांगतेय, ती काय खोटं बोलेल? आता तिने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

वेबसाइटवालीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ती ओळ, तारीख, पुढे तिचं स्वतःचं नाव. ताईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि मान हलवली.

"मला काय कळणार यातलं!"

"मुलीचा नंबर द्या मला. मी सांगते तिला. डॉक्टरांनाही सांगते, आत्ताच."

ताईंनी सगळे आकडे एका दमात सांगितले. ती लिहून घेणार, तोच त्यांनी तिचा हात धरला.

"थांबा, लिहू नका," त्या म्हणाल्या. "आधी फोनमध्ये बघते."