तांबोशीचे दोन खवले

मी बोलतेय, सिंकच्या तोंडावरची जाळी. मुरडलंत ना नाक? मुरडा. सगळेच मुरडतात. दोन बोटांनी मला कडेला धरून उचलतात आणि "ई" करतात, जसं काही माझ्यात अडकलेलं उष्टं माझंच आहे. अहो, खाल्लं तुम्ही, सांडलं तुम्ही, आणि घाणेरडी मी होय?

माझा जन्म भाईंदरच्या एका गाळ्यातला. स्टीलचा पत्रा प्रेसखाली सरकवला, वरून एक दणका, की झाली जाळी तयार. इतकी भोकं एका झटक्यात पाडून घ्यायची म्हणजे काय असतं ते मला विचारा. मग गोणीत भरून मुलुंडला आणली आणि पूर्वेला स्टेशनबाहेर एका फेरीवाल्याच्या चादरीवर टाकली, गाळण्यांच्या आणि पापडाच्या चिमट्यांच्या मध्ये.

तिथून मला उचललं मंजुळाबाईने. मी तिला म्हातारीच म्हणते, मनातल्या मनात. देवगडकडची. लग्न होऊन मुंबईत आली ती इथलीच झाली. नवरा भिकाजी गिरणीत होता, तो कधीच गेला. भांडुपच्या चाळीत तिने एकटीने मुलगा वाढवला आणि आता त्याच मुलाच्या, हर्षदच्या, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती हॉलमधल्या दिवाणावर झोपत होती. तिने मला उजेडासमोर धरून माझं एकेक भोक तपासलं. "मोहरीचो दाणो जातलो ह्यातसून," असं म्हणून फेरीवाल्याशी हुज्जत घातली आणि शेवटी मलाच घेतलं. मला बरं वाटलं. इतकं निरखून मला आधी कुणी बघितलं नव्हतं.

तिचा नियम साधा होता. भांड्यांना हात लावायच्या आधी मला जागेवर बसवायचं. काम झालं की कचऱ्याच्या डब्यावर दोनदा आपटायचं आणि जुन्या टूथब्रशने खरवडून काढायचं. मासे ती जमिनीवर कागद पसरून साफ करायची. खवले, कल्ले, सगळं त्या कागदात गुंडाळून डब्यात. मग टोपातलं मासे धुतलेलं पाणी माझ्यातून ओतायची. चुकून राहिलेला एखादा खवला असलाच, तर तो मी धरायची. माझ्यातून खवला गेला असं एकदाही झालं नाही, हे मी छातीठोक सांगते.

पण जाळी असली की पाणी थोडं सावकाश जातं. तेवढासुद्धा धीर घरातल्या बाकीच्या दोघांना नव्हता. हर्षद ऑम्लेटचा तवा घेऊन आला की आधी मला उचलून खिडकीत फेकायचा. मग ते गरम तेल सरळ भोकात. त्याची बायको श्रुतिका सकाळी ते काळं बी भिजवून प्यायची, फुगून बुळबुळीत होतं ते. अर्धं प्यायची, अर्धं भोकात. उरलेले ओट्स भोकात. चहाचा चोथा भोकात. पाणी लवकर जावं म्हणून जाळी काढायची आणि मग पाणी जात नाही म्हणून बोंबलायचं! शिकलेली माणसं बरं का ही.

खिडकीतून मी सगळं बघत होते. मला तोंड असतं तर तेव्हाच चार शिव्या घातल्या असत्या.

व्हायचं तेच झालं. सिंकमधलं पाणी हटेना. भांडी घासून झाली तरी तेलकट तवंग तसाच. हर्षदने पांढरी पावडर ओतली, गरम पाणी ओतलं, रबराचा पंप आणून हापसून हापसून घामाघूम झाला. वरचं पाणी बुडबुडलं आणि परत गप्प बसलं. शुक्रवारी श्रुतिकाने जाहीर केलं की सिंक बंद, भांडी न्हाणीत घासायची. घासणार कोण? म्हातारीच. त्या वयात पाटावर बसून, गुडघे दुमडून.

आणि खापर फोडलं तेही तिच्याच डोक्यावर. "खवल्यांनी तुंबलंय," हर्षद फोनवर कुणाकुणाला सांगायला लागला. "आई ऐकतच नाही. रोज मासे."

आता मूळ दुखणं सांगते. श्रुतिकाला घरून काम करायला टेबल हवं होतं आणि टेबलाला जागा एकच होती, दिवाणाची. कितीतरी दिवस दोघं गोड बोलून बघत होती. आई, गावाला जा ना जरा, मोकळी हवा आहे, लवूमामा आहे. लवू म्हणजे म्हातारीचा धाकटा भाऊ. त्याच्या घरात तिच्यासाठी पडवीत एक खाट होती आणि भावजयीचे टोमणे होते. इथे तिचा ओटा होता, बाजार होता, चांगला मासा पदराआड ठेवून देणारी कोळीण उत्तरा होती. म्हातारी हसून म्हणायची, "माका हयच बरा." तिला घालवायला दोघांना काहीतरी निमित्त हवं होतं. सिंकने ते दिलं.

रविवार उजाडला. उत्तराने म्हातारीसाठी तांबोशी राखून ठेवली होती. गुलाबी, चकचकीत, मोठमोठ्या खवल्यांची. गणपतीनंतर पहिल्यांदाच घरात तांबोशी आली होती. सिंक बंद, म्हणून तिने मला न्हाणीत नेलं, तिथल्या भोकावर ठेवलं आणि माझ्यावरून मासा धुतला. दोन खवले माझ्या कडेखाली चिकटून बसले. ती मला आपटायला निघालीच होती, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. घाईत तिने मला ओट्यावरच्या खिडकीत ठेवलं आणि मी तशीच राहिले.

हर्षदने तळलेल्या तुकड्या खाल्ल्या. डोक्याची कढी भुरकली. बोटं चाटली, आणि मग म्हणाला, "आई, हे मासे बंद कर आता. खवल्यांनी सिंकची वाट लागलीय."

"खवल्यांनी?" म्हातारीचा घास हातातच राहिला. "मेल्या, महिनोमहिने बोंबील नि बांगडे खातंस. बोंबलाक खवले असतत?"

"मग दुसरं काय असणार आई?" श्रुतिका म्हणाली. "आमचं काय जातं त्यात? आम्ही तर हेल्दी खातो."

म्हातारीने ताट बाजूला सारलं. तिला राग आला की ती ओरडत नाही, सावकाश बोलते. "उघड ता. आत्ता उघड. एक खवलो गावलो तर उद्या मी लवूकडे जातंय, परत येवचंय नाय. आणि नाय गावलो, तर ह्या ओट्यावर माका कोणी बोलूचा नाय. कबूल?"

"कबूल," हर्षद म्हणाला.

खिडकीत मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! जिंकलीच म्हातारी, मी म्हटलं. माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

म्हातारी हॉलमध्ये दिवाणावर जाऊन बसली. हर्षदने फोन डब्याला टेकवून पाईप कसा उघडायचा त्याचा व्हिडिओ लावला, खाली बादली सरकवली आणि सिंकखाली आडवा झाला. पाईपला वाटीसारखा भाग असतो, घाण तिथे साचते. ती वाटी त्याने फिरवून काढली. भसकन काळा लगदा बादलीत पडला. घट्ट झालेलं तेल, फुगलेलं काळं बी, चोथा, ओट्सचा चिकटा. वासाने श्रुतिका दोन पावलं मागे गेली. हर्षदने चमच्याच्या दांड्याने तो लगदा ढवळला. परत ढवळला. वाटीत बोट घालून फिरवलं.

खवला नव्हता. एकसुद्धा नाही.

"निघाले का?" श्रुतिकाने हळू विचारलं.

"नाही."

"मग आता त्या जाणारच नाहीत," ती म्हणाली. बस्स, एवढंच म्हणाली.

हर्षद उकिडवा बसून राहिला. बादलीत बघत होता. मग त्याने मान वर केली आणि त्याची नजर खिडकीत आली. माझ्यावर. माझ्या कडेखाली दोन गुलाबी खवले सुकून चमकत होते.

नको रे, मी म्हटलं. मेल्या, तुझ्या आईचं अन्न आहे तुझ्या पोटात आत्ता. पण आमचं कोण ऐकतं? तो उठला, नखाने एक खवला काढला, मग दुसरा काढला, आणि दोन्ही त्या लगद्यावर ठेवले. श्रुतिकाने बघितलं. तिने फडकं घेतलं आणि खाली वाकून फरशी पुसायला लागली.

"आई, ये इकडे," हर्षदने हाक मारली. "बघ. निघाले."

म्हातारी आली. बादलीपाशी वाकली. काळ्या ओल्या लगद्यावर दोन कोरडे गुलाबी खवले. जन्म गेला तिचा मासे साफ करण्यात. तांबोशीचा खवला तिला कळणार नाही? सिंक शुक्रवारपासून बंद, तांबोशी आजची, तीही न्हाणीत धुतलेली. तिने खिडकीत हात घातला, मला घेतलं आणि माझ्या कडेखालून अंगठा फिरवला. खवले तिथे नव्हते. मग तिने मुलाकडे बघितलं. हर्षदने नजर फोनमध्ये घातली. व्हिडिओ अजून चालूच होता.

आता बोलेल, आता बोलेल, मी वाट बघत होते. फाडून खा त्याला, म्हातारे!

"असतीत," ती म्हणाली. "हात थरथरता आताशा. पडले असतीत माझ्याकडसून."

सकाळी तिची पिशवी भरलेली होती. हर्षदने वाटी नीट बसवली होती. निघताना ती ओट्यापाशी आली, मला सिंकच्या तोंडावर बसवलं आणि नळ सोडला. पाणी गडगडत गेलं. "जाळी काढू नको रे," एवढं म्हणून ती निघाली. तिचा टूथब्रश नळामागे तसाच राहिला.

आता दिवाणाच्या जागी टेबल आहे. हर्षद मला कधीच काढत नाही. रोज स्वतः डब्यावर आपटतो, त्याच टूथब्रशने घासतो, आणि घासताना श्रुतिकाशी बोलत नाही. मासे घरात येत नाहीत. रविवारी गावाहून फोन येतो. म्हातारी तब्येतीचं विचारत नाही, कधी नेणार असंही विचारत नाही. एकच विचारते, "पाणी जाता मा बरा?"

"हो आई. झकास जातं."

"मग बरा." आणि फोन ठेवते.

तुमच्यापैकी कुणी देवगडकडे गेलात, तर लवूच्या पडवीत एक म्हातारी बसलेली दिसेल. तिला माझा निरोप द्या. सांगा, ते खवले पाईपातले नव्हते, माझ्या अंगावरचे होते, तुझ्या पोराने नखाने काढले. पण जाऊ दे, नका सांगू. तिला ठाऊक आहे. ठाऊक होतं, म्हणून तर गेली.