पुसेगावला दिसलेली ओढणी

संगिताची लग्नानंतरची पहिली दिवाळी. ती माहेरी व्हायची, तर डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायलाच मनाई केली. सातवा महिना चालू होता. सासर पुसेगावला, माहेरच्या तांड्यापासून फार तर दीड कोस. मधे नुसतं सपाट रान. पण खड्ड्यांच्या त्या वाटेनं जीपमधून आणायचं म्हणजे पोरीच्या जिवाशी खेळ. निरोप ऐकून तिच्या आईनं, नीलाबाईनं, फराळाची परात बाजूला सारली.

बाप वसराम मात्र गप बसणारा नव्हता. "पोरगी येत न्हाई तं दिवाळी तिच्याकडं पाठवू," तो म्हणाला. "आभाळातून. खाटेवरून दिसंल अशी."

नीलाबाईचा भाऊ हिरासिंग आखाडा बाळापूरच्या बाजारात गॅसचे फुगे विकायचा. वसरामनं त्याला टाकीसकट बोलावलं अन् परसात काडीनं भुईवर चित्र काढून दाखवलं: फुग्यांचा मोठा घोस, घोसाला बांधलेली रॉकेटं, वाती पेटवल्या की सगळं भुर्रकन वर.

हिरासिंगनं चित्र पायानं पुसून टाकलं. "दाजी, हा गॅस विडीच्या ठिणगीनं पेटतो. माझ्या भुवया काहून न्हाईत, इचारा माझ्या बहिणीला."

दोन दिवस तिघांचा खल चालला. ठरलं ते असं, की रॉकेटं लांब, पार शेताच्या बांधावर. फुगे परसातून आणि तेही आधी. पण फुग्यांना लटकवायचं काय? दिवा तर चालायचा नाही.

नीलाबाई उठली. पेटीतून तिनं आरशांची ओढणी काढली. तिच्या आईनं लग्नात दिलेली.

"अगं, ही?" वसराम चमकला.

"दिवाळसणाला तिलाच द्यायची व्हती न्हवं?"

साठ फुगे लावले तरी ओढणी जागची हलेना. नीलाबाईनं कवड्यांचा जड काठ टाका टाका उसवून काढला. हिरासिंगनं आणखी वीस फुगे भरले. घोसाला तिनं गोधडी शिवायचा दोरा बांधला, दुसरं टोक बोटाला गुंडाळलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ऊन कलल्यावर, हिरासिंगनं हात सोडला.

ओढणी आधी भुईवरून सरपटली, मग चुलीतला धूर उठावा तशी सावकाश उठली. निंबाच्या शेंड्यावर आली आणि पश्चिमेचं ऊन आरशांत शिरलं. उजेडाचे शेकडो ठिपके कुडांवर, म्हशींच्या पाठींवर, माणसांच्या तोंडांवर पळू लागले. नीलाबाईच्या बोटांतून दोरा सरसर जात होता अन् वरून कुणीतरी हात धरून बोलवावं तशी ओढ लागत होती.

बघता बघता खाली सावली पडली. घरं, रान, माणसं सगळी करडी झाली. वर ओढणीवर मात्र अजून ऊन होतं. अख्ख्या आभाळात तेवढी एकच गोष्ट पेटल्यासारखी. त्याच वक्ताला वसरामनं बांधावरून रॉकेटं सोडली. एकामागून एक सहा रेघा वर चढल्या, लांबवर फुटल्या, अन् आरसे क्षणभर लाल, मग हिरवे झाले.

"ओढ आता, बाई," हिरासिंग हळूच म्हणाला. "दोरा सरला."

नीलाबाईनं बोटाचा वेढा सोडवला आणि मूठ उघडली.

"अगं!" तो ओरडला. ती ऐकत नव्हती. तिची मान वर होती, तोंड उघडं होतं. ओढणी बारीक होत होत पुसेगावच्या अंगाला निघाली होती.

सकाळी जावई रणजीत सायकलवर आला. दारातच सांगू लागला, "खाट अंगणात काढली व्हती. गावातली माणसं म्हणून राहिली, तारा तुटला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. संगिता म्हणे, तारा न्हाई, याडीची, माझ्या मायची ओढणी हाय! रडून राहिली, हसून राहिली. अन् पोटात लेकरू असं उसळून राहिलं, की मला हात लावून बघ म्हणाली."

"पडली कुठं?" वसरामनं विचारलं.

"पडताना कुणी पाहिली न्हाई. जातानाच दिसली."

नीलाबाई परसात गेली, वर बघत उभी राहिली. आभाळ रोजचंच होतं, पण आज ते तिला विहिरीसारखं खोल वाटत होतं.