बाबा ओपीडीत आले तेव्हा

रात्रपाळी संपली होती, पण सुट्टी झाली नव्हती. मानसोपचार विभागात शिकाऊ डॉक्टर म्हणून दुसरं वर्ष काढत असलेल्या धाकटीला याचं आता काही वाटेनासं झालं होतं. वॉर्डातला राऊंड उरकून, तोंडावर पाणी मारून ती तशीच ओपीडीत येऊन बसली. घरात शेंडेफळ म्हणून ती धाकटी. शेजारच्या टेबलावरच्या पैलवानाने एकदा तिच्या आईचा फोन उचलला, तेव्हापासून इथेही धाकटीच. पैलवान तिचा बॅचमेट. वाऱ्याने उडून जाईल अशी अंगकाठी, म्हणून पैलवान.

"झोप कशी आहे? भूक लागते? कामात मन लागतं?" सकाळपासून तेच प्रश्न. एक म्हातारी तर जाता जाता म्हणाली, "माझं राहू दे, तूच एखादी गोळी घे गं. तोंड बघ कसं उतरलंय." धाकटी हसली. रागवायचं तर अंगात त्राण हवं.

पुढचा नंबर पुकारला आणि दारात आई-बाबा उभे राहिले.

"डबा कशाला आणलात एवढ्या लांब?" तिच्या तोंडून निघून गेलं.

आईच्या हातात डबा नव्हता, केसपेपर होता.

बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चर काढता काढता गिऱ्हाईकाच्या घरातल्या चौघांची खुशाली विचारणारा माणूस. आज दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, नजर फरशीवर. गुडघे दुखतात म्हणून दुकान बंद आहे, असं आई फोनवर म्हणाली होती. दोन पेशंटच्या मधे धाकटीने "शेक दे" म्हणून फोन ठेवला होता.

"गुडघेच ना?" तिने विचारलं.

"गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस," बाबा म्हणाले. "दुकान उघडायलाच हात उठत नाही. तुझ्या आईला मीच म्हटलं, चल, पोरीच्या दवाखान्यात जाऊ."

तिने पेन उघडलं. "झोप कशी..." पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं.

पैलवान कधी मागे येऊन उभा राहिला, कळलं नाही. "ऊठ. ही केस तू घ्यायची नाहीस."

"माझे बाबा आहेत."

"म्हणूनच."

मग ती आईच्या शेजारी बसली. पैलवान सावकाश विचारत होता, आणि बाबांच्या वतीने सगळी उत्तरं आईच देत होती. जेवतात हो. झोपतात हो. जरा गप्प असतात, एवढंच. शेवटी पैलवान म्हणाला, "काकू, आता मला काकांशी एकट्याने बोलू द्या."

आई उठली. धाकटी हलली नाही.

"जा, बाळा," बाबा म्हणाले. "तू समोर असलीस की बरं आहे असंच म्हणावं लागतं मला."

बाहेरच्या बाकावरून पडद्याखाली फक्त बाबांच्या चपला दिसत होत्या. पायाची बोटं आखडून धरलेली. आत आता कुठला प्रश्न येणार, हे धाकटीला ठाऊक होतं.

"मला सांगितलं का नाहीस?" ती आईवर उखडली.

"कधी सांगू? मागच्या खेपेला सांगायला घेतलं, तर तू फोनवरच झोपलीस. तुझं घोरणं ऐकत बसले मी. म्हटलं, झोपतेय तर झोपू दे."



पैलवान बाहेर आला. "काकांनी तुम्हाला सांगायची परवानगी दिलीय. मरून जावं, असे विचार येतात त्यांना. काही केलेलं नाही, ठरवलेलंही नाही. पण येतात. मॅडमशी बोललो, दाखल करून घेऊ."

आईने पदर तोंडाला लावला. विभागप्रमुख मॅडम मागोमाग आल्या आणि धाकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वडिलांच्या वॉर्डात तुझा राऊंड बंद. भेटायच्या वेळेत यायचं, मुलगी म्हणून. आणि आत्ता जाऊन झोप."

"माझे पेशंट?"

"आम्ही मेलो नाही अजून."

पहिले काही दिवस बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असत. औषधाला वेळ लागतो, धीर धर, असं पैलवान म्हणाला, तेव्हा त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली तिला. हेच वाक्य तिने किती घरांना ऐकवलं होतं! दुसऱ्या वॉर्डाचं काम सुटलं नव्हतंच. ते उरकून ती यायची, बाबांच्या पायांशी बसायची आणि बसल्या बसल्या पेंगायची.

एके दिवशी पैलवान जिन्यात भेटला. "तुझे बाबा शेजारच्या खाटेवाल्याशी भांडले. पंख्यावरून. सिस्टर वैतागल्यात."

"जोरात भांडले?"

"चांगलेच."

धाकटी तिथेच पायरीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. येणारे-जाणारे वळसा घालून जात राहिले.

बाबा घरी गेले. दुकान सकाळचं तेवढं उघडतं, तेही रोज नाही. गोळ्या चालू आहेत. धाकटी आता आईला नाही, त्यांनाच फोन करते, हॉस्टेलवरून वॉर्डाकडे चालता चालता. परवा ते सरळ म्हणाले, "आज काही बरं नाही गं."

"मलाही नाही, बाबा," ती म्हणाली.

फोन कुणीच ठेवला नाही. ती वॉर्डाच्या दाराशी पोचून भिंतीला टेकून उभी राहिली, सिस्टरने आतून हाक मारेपर्यंत.