आणीबाणीच्या जिन्याचे फोटो

लिफ्ट तपासण्यावर ज्याचं पोट चालतं, त्याला जगात कुठलीच वस्तू धड टांगलेली दिसत नाही. सावधानरावांचं तसंच झालं होतं. हे नाव त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवलेलं, आणि त्यांना ते कौतुकाचं वाटे, म्हणजे बघा! लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, दोरांवर बॅटरी मारून त्यांनी उभ्या नोकरीत एकच ज्ञान कमावलं होतं: जे अजून पडलेलं नाही, ते पडायचं राहिलंय.

अशा माणसाची दोन्ही मुलं एकदम परदेश फिरायला निघाली. मुलं म्हणजे अगदी अजाण. लेक छत्तिशीची, दातांची डॉक्टर, रोज अनोळखी माणसांच्या तोंडात ड्रिल घालणारी. धाकटा कॉलेजात भूगोल शिकवणारा. त्याला रस्ता सापडेल का, ही वडिलांची चिंता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. सावधानरावांना वैऱ्याची गरजच नव्हती, ते घरच्या घरी भागवत.

निघताना त्यांनी अट घातली एकच, कारण बाकीच्या बायकोने उडवून लावल्या होत्या. नव्या हॉटेलात पोचलं की आधी आणीबाणीचा जिना शोधायचा, तळापर्यंत उतरून बघायचा आणि फोटो घरी पाठवायचा.

"समुद्राचा नको का, बाबा?" धाकट्याने विचारलं.

"आग लागल्यावर समुद्रातून उतरणार आहेस?"

पहिल्या शहरातून पहिला फोटो आला. अंधुक, अर्धाच जिना. सावधानरावांनी ताबडतोब कळवलं: 'शेवटचा टप्पा दिसत नाही. परत जाऊन नीट काढ.' बऱ्याच वेळाने स्वच्छ फोटो आला, तोही लेकीकडून, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मग दुसऱ्या शहरातला आला, मग तिसऱ्या. लोकांची मुलं डोंगरदऱ्यांतले हसरे चेहरे पाठवतात, यांच्याकडे करड्या पायऱ्या जमत गेल्या. ऑफिसात चहाच्या वेळी ते त्या सगळ्यांना दाखवत. साहेबांशी कोण वाकडं घेणार? सगळे म्हणत, "वा! काय कठडा आहे!"

कठडा बघता बघता एके दुपारी त्यांची नजर जिन्याच्या खिडकीबाहेर गेली. समोर पिवळी क्रेन उभी होती, अंगावर ठळक आकडा. त्यांनी आधीच्या शहरातला फोटो उघडला. क्रेन हजर. त्याच्या आधीचा उघडला. तीच क्रेन, तोच आकडा. म्हणजे मुलांबरोबर क्रेनही सहलीला निघाली होती, आणि हॉटेलंही तीच पसंत करत होती.

डबा तसाच बंद करून ते घरी आले. बायको शिलाई मशीनवर पडद्याला टीप घालत होती.

"अहो, क्रेन काय, सगळीकडे सारख्याच असतात," ती मान वर न करता म्हणाली.

"आकड्यासकट?"

मशीन थांबलं. एवढ्यावरून सावधानरावांना कळलं की घरात अंधारात राहिलेले ते एकटेच आहेत.

"लावा तिला फोन," बायको म्हणाली. "पण आवाज चढवायचा नाही."

फोनच्या पडद्यावर लेक आली आणि हवा किती छान आहे ते सांगू लागली.

"हो ना," सावधानराव म्हणाले, "क्रेनलाही मानवलेली दिसते."

तिने हवेचा विषय सोडला. मग एका दमात म्हणाली, "त्याचा पाय मोडलाय, बाबा. ऑपरेशन नीट झालं. पहिल्याच दिवशी जिन्यावरून घसरला. तेव्हापासून आम्ही इथेच आहोत."

"लिफ्ट असताना जिन्यात कशाला तडमडला तो?"

वाक्य तोंडातून सुटलं, आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.  

"शेवटच्या टप्प्यावर?" त्यांनी विचारलं.

"पायरी ओली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "तोच म्हणाला, बाबांना कळू द्यायचं नाही. मनाला लावून घेतील. मग मी रोज वेगवेगळ्या मजल्यावर जाऊन फोटो काढत बसले."

सावधानरावांनी बायकोकडे बघितलं. ती पडद्याची घडी घालत होती. ती घडी काही केल्या जमत नव्हती.

"दे त्याला."

धाकटा उशीवर पाय ठेवून पडला होता. "मी मजेत आहे, बाबा! आयती खोलीत न्याहारी येते. अजिबात दुखत नाही."

प्लास्टर कोणी घातलं, डॉक्टर शिकलेला होता का, पलंग किती उंच आहे, प्रश्न ओठांवर रांग लावून उभे होते. सावधानरावांनी ते सगळे गिळले. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"खरं सांग. दुखतं का रे?"

पोरगा हसत राहिला. मग त्याचं हसू वाकडं झालं. बहिणीसमोर इतके दिवस विनोद करणारा तेहतीस वर्षांचा प्राध्यापक लहान मुलासारखा रडू लागला.

"हो, बाबा. फार दुखतं."

सावधानरावांना एकही सूचना सुचली नाही.

"दुखणारच रे," ते म्हणाले, आणि फोन तसाच धरून बसून राहिले.