कॉलरची आतली बाजू

"नाक खुपसून काय बघताय, बाई? अत्तर लावतो की काय आम्ही?"

बंबाच्या ड्रायव्हरने दारातून जाता जाता विचारलं, तेव्हा बाईंचं तोंड खरोखरच दादांच्या कोटाच्या कॉलरमध्ये होतं. त्यांनी ते बाहेर काढलं, पण उत्तर दिलं नाही. चोरी पकडायची असेल तर आधी तोंड बंद ठेवावं, एवढं त्या मुली वाढवताना शिकल्या होत्या.

अग्निशमन केंद्राच्या मागे, जिथे पूर्वी जुन्या टायरांची अडगळ असे, त्या खोलीचा आता धुलाईखाना झाला होता. जवानांचे कोट आणि विजारी धुवायच्या, वाळवायच्या, उसवलं असेल तिथे टाके घालायचे, हे बाईंचं काम. नवे साहेब येण्याआधी हे कोट कुणी धूतच नसे. जितका कोट काळा तितका माणूस शूर, असा हिशेब होता. साहेबांनी आल्या आल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं, की ही काजळी म्हणजे विष आहे, कातडीतून आत जाते, हे कपडे घालून घरी जाऊन मुलांना उचलू नका. जवान "हो साहेब" म्हणाले आणि पाठ फिरल्यावर हसले. प्रत्येक आगीनंतर साहेब एकेकाला खोलीत बोलावून चहा पाजत आणि विचारत, "कसं वाटतंय?" त्याला सगळे 'चहाची जबानी' म्हणत. चहा पिऊन बाहेर येणारा प्रत्येक जण सांगे, "मी काही बोललो नाही." आणि बाकीचे त्याच्याकडे बघत राहत, की हा नक्की काहीतरी बोललाय.

बाईंनी कॉलर पुन्हा नाकाशी नेली. वास साबणाचाच होता, त्यांच्या स्वतःच्या.

रंगाच्या गोदामाची आग होती. तिथून आलेल्या बाकीच्या कोटांनी खोलीत उभं राहवत नव्हतं. धूर सरळ येत नाही, तो चोरासारखा येतो. कॉलरच्या आत शिरतो, बाहीच्या मनगटात, काखेत, चेनच्या पट्टीखाली. टबमधलं पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं होतं. शिवाय पाठीवर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा असतात, आणि विजारीच्या गुडघ्यांचं तर बोलूच नका. दादांचा कोट समोरून काळा होता, खांद्यांवर काळा होता, पण भिंतीला चुना लावावा तसा. बोटांचे फराटे दिसत होते. आतून कोट गेल्या धुलाईला होता तसाच होता. विजारीचे गुडघे स्वच्छ.

असं पहिल्यांदा दिसलं तेव्हा बाईंना वाटलं, दादा वयाने मोठे, पथकाचे नायक, बाहेर उभं राहून हुकूम सोडत असतील. दुसऱ्यांदा वाटलं, मग कोट रंगवायची काय गरज? आता मात्र त्यांनी तो कोट लगेच टबात टाकला नाही. कारण नियम असा होता, की धुरात एकट्याने जायचं नाही. जोडीने आत, जोडीने बाहेर. आणि दादांच्या जोडीला होते बाईंचे जावई.

जावई कोट न्यायला आले. केंद्रात ते त्यांना 'बाई' म्हणत आणि घरी 'आई'. दोघांतलं काय म्हणावं हे ठरेना, की नुसतेच खाकरत. आत्ताही खाकरले.

"झाला का माझा?"

"वाळतोय. गुडघे बघा विजारीचे. सगळं गोदाम रांगून काढलेलं दिसतंय."

"रांगावंच लागतं. वर धूर, खाली हवा."

"आणि दादा काय उभ्याने चालतात?"

जावयांनी हातातला मोजा उलटा केला, सुलटा केला. "दादा जुने आहेत. त्यांची पद्धत वेगळी."

"जुन्या माणसाचे गुडघे मळत नाहीत वाटतं."

"आई, मला हजेरीला उशीर होतोय," म्हणून ते गेले.

केंद्रात 'आई' म्हणाले होते. माणूस लपवायला लागला की नात्यात शिरतो, हेही बाईंना ठाऊक होतं. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि पाण्याच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

सुट्टीच्या दिवशी त्या लेकीकडे जेवायला गेल्या. जावई जेवत नसत, भरत असत. घंटा कधीही होईल या सवयीने घरीसुद्धा घास न चावता गिळत. लेक म्हणाली, "बघ ना आई, मी काय केलंय हे यांना संध्याकाळी विचारलं तर सांगता येत नाही." मग ती मुलाला झोपवायला आत गेली, आणि बाईंनी भाताचं भांडं स्वतःकडे ओढून घेतलं. आता वाढणं त्यांच्या हातात होतं.

"दादा आत येतात का तुमच्याबरोबर?"

जावयांचा हात ताटात थांबला. "साहेबांनी विचारायला सांगितलंय का तुम्हाला?"

"साहेब मला साबण वाढवून देत नाहीत, असली कामं कुठली देतायत!"

पण हे म्हणता म्हणताच त्यांना आठवलं. धुलाईखान्याची किल्ली देताना साहेब म्हणाले होते, "काही वेगळं दिसलं तर सांगत चला." त्यांना तेव्हा वाटलं होतं, फाटलं-उसवलं म्हणतायत. आता वाटलं, ही खोली मुळात धुवायला काढली की बघायला?

"दारापर्यंत येतात," जावई हळू आवाजात म्हणाले. "उंबऱ्याशी थांबतात. माझ्या कमरेची दोरी धरून बसतात. बाहेर आलो की वायरलेसवर मी सांगतो, दोघे बाहेर."

"म्हणजे तुम्ही एकटे जाता."

"दोरी असते ना."

"आत छत कोसळलं तर दोरी उचलून आणणार आहे तुम्हाला?"

"हळू बोला, ती ऐकेल." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "मी नवा होतो तेव्हा मला त्यांनी ओढून बाहेर काढलंय, आई. खांद्यावर टाकून. त्यांचं नाव मी घेऊ? आणि ते हुकूम अजून अचूक सोडतात. कुठली खिडकी फोडायची, कुठली नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. फक्त आत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "कुणाला बोलू नका. शपथ घ्या."

"शपथ मी घेत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी भात वाढला. आतून लेकीचं अंगाई म्हणणं ऐकू येत होतं. ते ऐकताना बाईंनी जावयांकडे नीट पाहिलं, आणि पहिल्यांदाच आपण लेकीच्या नवऱ्याकडे नाही, एखाद्या मुलाकडे बघतोय असं वाटलं.

पुढचे काही दिवस त्या कुणाकडेही धड बघत नव्हत्या. साहेबांना सांगावं, तर साहेब दादांचं काय करतील कुणास ठाऊक. गोड बोलणाऱ्या वरिष्ठांचा त्यांनी आधीच्या नोकरीत पुरेसा अनुभव घेतला होता. न सांगावं, तर प्रत्येक घंटेला जावई एकटे आत जाणार. आणि जवानांना कळलं, की धुणारी बाई कॉलर हुंगून चहाडी करते, तर या केंद्रात त्यांना कुणी पाणी विचारणार नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, ज्याचं त्यालाच विचारावं.

दादा दुपारी ड्यूटीवर चढायच्या आधी कोट न्यायला आले. उंच माणूस, जरा वाकून दारातून आत येणारा. कोट खुंटीला होता. धुतलेला, वाळलेला. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"दादा, काजळी कुठून लावता? पाइपाच्या तोंडाची, की भिंतीची?"

दादा हसले. मग हसायचे थांबले. "पाळत ठेवतेस माझ्यावर?"

"माझा जावई जातो आत."

"साहेबांनी ठेवलंय तुला यासाठी. मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. कपडे धुवायला माणूस ठेवतात का कुठे!"

"माझा जावई एकटा जातो आत," बाई पुन्हा म्हणाल्या.

दादांनी दार लोटून घेतलं. इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभे राहिले. मग एकदम सांगितलं. "मास्क तोंडाला लावला, की श्वास बंद होतो. हवा असते. सिलिंडर भरलेलं असतं, काटा दिसत असतो समोर. तरी बंद. गेल्या वर्षी एका आगीत जिन्यात अडकलो, तेव्हापासून. इथे, या आवारात, एकटा असताना लावून बघितलाय. नाही जमत."

"मग सांगा की साहेबांना. चहा पाजतातच ते."

"काय सांगू? नायकाला धुराची भीती वाटते? पोरं माझ्याकडे बघून आत शिरतात, बाई. मी कोरा कोट घालून गाडीतून उतरलो, तर उद्या ती कुणाकडे बघतील?"

"आज कुणाकडे बघतात? कोटाकडेच ना?"

हे जरा जास्तच लागलं. दादांचा चेहरा बदलला. "तू सांग जा साहेबांना. तुझंच काम आहे ते."

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा. आज."

"सांगतो. या आठवड्यात सांगतो."

"आज," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात घंटा झाली.

घंटा झाली, की बोलणं संपतं. बाहेर पावलांची धावपळ सुरू झाली, बंबाचं इंजिन गुरगुरलं, कुणीतरी ओरडलं, "गिरणी! कापडाची!" दादांनी खुंटीकडे हात टाकला. बाईंचा हात आधी पोचला. पुढे आयुष्यभर त्यांना सांगता आलं नसतं, की हे त्यांनी ठरवून केलं की कसं. पण त्यांनी कोट ओढला आणि भरलेल्या टबात खाली दाबला. दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत. बुडबुडे निघाले.

ओला कोट घालून आगीत जाता येत नाही, हे त्या केंद्रातल्या मांजरालाही माहीत होतं. पाण्याची वाफ होते आणि माणूस आतल्या आत उकडून निघतो. जादाचे दोन्ही कोट टाके घालायला म्हणून बाईंच्याच टेबलावर उसवून पडले होते.

दादा टबाकडे बघत राहिले. बाईंना वाटलं, आता हा माणूस आपल्याला मारेल. नोकरी तर गेलीच. दादा तसेच वळले आणि सदऱ्यावर, उघड्या हातांनी आवारात गेले. बाई मागोमाग गेल्या. ओल्या हातांतून पाणी गळत होतं.

जवान चढत होते. जावई पायरीवर उभे होते, एक हात दांडीला. त्यांनी दादांना पाहिलं, मग सासूबाईंचे हात पाहिले, आणि मान खाली घातली.

"कोट कुठे, दादा?" साहेबांनी विचारलं.

सगळे बघत होते. बाईंनी तोंड उघडलं.

"ओला आहे," दादा म्हणाले. "मीच भिजवला." मग जावयांकडे मान करून, हुकूम सोडताना काढायचे त्याच आवाजात म्हणाले, "कोरडा असता तरी मी आत गेलो नसतो, साहेब. बरेच दिवस जात नाही. याच्याबरोबर दुसरा द्या. आत्ता."

साहेबांनी का, कसं, कधीपासून, काही विचारलं नाही. मागच्या बाकावरच्या एका थोराड जवानाला बोट दाखवून म्हणाले, "तू याची जोडी." स्वतः दादांच्या जागेवर चढले आणि खिडकीतून ओरडले, "दादा, वायरलेसवर बसा. मला तिकडून तुमचा आवाज हवाय!" हा मान होता, की सगळ्यांसमोर बाजूला करायची रीत, हे बाईंना तेव्हा कळलं नाही. दादांनाही कळलं नसावं. बंब फाटकातून बाहेर पडला.

वायरलेसची खोली काचेची होती. दादा आत बसले, बाई दाराशी उभ्या राहिल्या. 'बस' असं दादा म्हणाले नाहीत आणि 'जा' असंही नाही. ते त्यांच्याकडे बघतच नव्हते. मीच भिजवला, हे त्यांनी बाईंची नोकरी वाचवायला सांगितलं, की धुणाऱ्या बाईने अडवलं असं जगाला कळू नये म्हणून, याचा बाई विचार करत राहिल्या. विचारायची हिंमत नव्हती.

यंत्र खरखरलं. जावयांचा आवाज आला, "दोघे आत जातोय."

"ऐकलं," दादा म्हणाले. "डाव्या भिंतीने जा. गिरणीत मधोमध यंत्रं असतात, पट्टे लोंबतात. भिंत सोडू नका."

मग काहीच नाही. नुसती खरखर. दादांनी टेबलाची कड धरली होती, आणि त्यांचा श्वास बाईंना दारापर्यंत ऐकू येत होता. मोठा, मोजून घेतलेला, जणू तेच आत होते. बाईंनी लेकीचं नाव मनात घेतलं, मग नातवाचं, मग पुन्हा लेकीचं.

"दोघे बाहेर."

बाईंनी भिंतीला पाठ टेकली. पण दादांनी यंत्र आणखी जवळ ओढलं.

"असं नाही. दुसऱ्याला बोलू दे."

"दादा, आलोय आम्ही दोघेही..."

"तुझं हे वाक्य मी खूप वेळा ऐकलंय. दुसऱ्याला बोलू दे."

खरखर झाली. कुणीतरी जोरात खोकलं, थुंकलं, आणि थोराड आवाजात म्हणालं, "मी पण आहे हो, दादा. जिवंत आहे."

"ऐकलं," दादा म्हणाले, आणि हात टेबलावरून काढला.

थोड्या वेळाने ते उठून बंबाच्या रिकाम्या जागेत गेले. जवान तिथे चवडे बंबाकडे करून बूट मांडून ठेवत, विजारी त्यांच्यावर खाली सरकवलेल्या, म्हणजे घंटा झाली की पाय घालायचा आणि वर ओढायचं. आता सगळी रांग रिकामी होती, एकच जोड उरला होता, दादांचा. विजारीसकट उभा, कुणीतरी कमरेपर्यंत जमिनीत खचल्यासारखा. दादा त्याच्यासमोर थांबले. मग वाकून त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, भिंतीपाशी नेला आणि हळूच खाली ठेवला. टाचा बंबाच्या जागेकडे, चवडे भिंतीकडे.