दोष माझा, खापर नव्या ऑइलवर

मी एक जुनी रबरी रिंग आहे, मित्रांनो. गॅरेजमध्ये मला ऑइल सील म्हणतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिले नसेल आणि तेच बरे आहे. मी दिसले म्हणजे कुणाच्या तरी गाडीचे पोट उघडावे लागले, असे समजा. चहाच्या बशीएवढा माझा घेर. पाठीला लोखंडी कडे, आतल्या बाजूला रबराचा पातळ ओठ आणि त्या ओठाभोवती केसासारखी बारीक स्प्रिंग.

एका कारखान्यात तापलेल्या साच्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझी कड बोटाने चाचपून पाहिली, "झकास आहे," म्हटले आणि मला डब्यात टाकले. पुढे कितीतरी वर्षे माझे कुणी कौतुक केले नाही. त्यात कुणाची चूक नव्हती म्हणा. माझे काम नीट चालले असेल तर ते कुणाला कळतच नाही.

मला एका पांढऱ्या व्हॅनमध्ये बसवले. इंजिन जिथे संपते आणि गिअरबॉक्स जिथे सुरू होतो, त्या सांध्यात माझी जागा. तिथे इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्याला ओठ टेकवून बसायचे, आतले ऑइल आत ठेवायचे आणि बाहेरची धूळ बाहेर. इंजिन बंद झाले की लोखंडातून माणसांचे बोलणे छान ऐकू येई, तेवढीच माझी करमणूक.

व्हॅन चालवणारे गृहस्थ रोज सकाळी धुलाईघरातून स्वच्छ चादरी रुग्णालयात नेत आणि मळक्या परत आणत. ते इतक्या हळू गाडी चालवत की बाकीचे ड्रायव्हर त्यांना 'सावकाश' म्हणूनच हाक मारत. घरी ते बाबा होते, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. बाबांचा गाडीवर फार जीव. काचा रोज पुसत, दारांना एक ओरखडा उठू देत नसत. ऑइल बदलायची वेळ आली की मात्र म्हणत, "चाललीय ना? मग चालू दे." पातळी खाली गेली की वरून थोडे ओतायचे, की झाले.

वर्षे गेली. इंजिनाच्या उष्णतेने माझे रबर कडक होत गेले. एक दिवस ओठाला बारीक चीर पडली. मी घाबरले, पण गळती काही झाली नाही, कारण न बदललेल्या ऑइलचा काळा चिकट गाळ त्या चिरेत जाऊन बसला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची! मीही गप्प राहिले आणि जणू धडधाकट असल्यासारखी मिरवत राहिले.

बाबांची लेक यंत्रशाळेत शिकून आली आणि तिच्या मामाच्या गॅरेजमध्ये कामाला लागली. तिला सगळे ताई म्हणत. मामा म्हणाला, "पहिली गाडी घरचीच घे." म्हणून बाबांनी मोठ्या ऐटीत व्हॅन आणून उभी केली. ताईने खालचा नट काढला आणि बघतच राहिली.

"बाबा, हे ऑइल आहे की डांबर?"

"अगं, मुरलंय ते."

"लोणचं मुरतं, बाबा. ऑइल मुरत नाही. आता मी सिंथेटिक घालते, रसायनांपासून बनवलेलं नवं ऑइल. ते मळ साठू देत नाही, धुऊन काढतं."

"घाल बाई. तुझ्या हातचं आहे, मला काय बघायचं?"

नवे ऑइल आत आले आणि मला फार हलके वाटले. ते पातळ होते, स्वच्छ होते आणि कामाला वाघ होते. एकेक कोपरा धूत धूत ते पुढे सरकत होते. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या चिरेपाशी पोचले आणि तिथला गाळही त्याने इमानाने धुऊन काढला. मी जीव एकवटून ओठ दाबला, पण कडक झालेला ओठ दबतो थोडाच? पहिला थेंब माझ्यातून निसटला आणि रुग्णालयाच्या आवारातल्या धुतलेल्या फरशीवर पडला.

दोन दिवसांनी तिथल्या पहारेकऱ्याने बाबांना अडवले. "काका, तुमची गाडी डाग पाडतेय. इथून चाकाच्या खुर्च्या जातात. कुणी घसरलं तर? पुढच्या सोमवारपर्यंत बघा काहीतरी, नाहीतर गाडी फाटकाच्या आत येणार नाही."

बाकीचे ड्रायव्हर गोळा झाले. एकाने विचारले, "सावकाश, नवीन काय केलंस गाडीत?"

"पोरीनं ऑइल बदललं. सिंथेटिक."

"मग तेच! सिंथेटिक सील खातं. जुन्या गाडीला नवे चोचले कशाला?"

घरात नवी सून यावी आणि त्याच आठवड्यात जुने मडके फुटावे, तर लोक सुनेचा पायगुण काढतात. मडक्याला आधीपासून तडा होता, हे कोण बघतो? बाबांनीही पाहिले नाही. "पोरीनं गाडी बिघडवली," असे ते भेटेल त्याला सांगू लागले. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता आणि घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी बोट ठेवायला हवे असते.

ही बातमी गॅरेजपर्यंत गेली. गिऱ्हाइके मामाला बाजूला घेऊन म्हणू लागली, "गाडीला तूच हात लाव, तिला देऊ नकोस." मामाने ताईला पंक्चर काढायला आणि सुटे भाग धुवायला बसवले. बाबांनी तर कमालच केली. तिला न विचारता ते चौकातल्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले, नवे ऑइल काढून टाकले आणि पहिल्यासारखे साधे भरून आणले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. गुन्हेगार मी, शिक्षा भोगत होती ती, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते.

रविवारी सकाळी बाबा दारात व्हॅन पुसत होते. ताई बाहेर आली.

"बाबा, पहिल्यासारखं साधं ऑइल परत घातलंत म्हणे. थेंब थांबला का?"

"कमी झालाय," बाबा काच पुसतच म्हणाले.

"मग गाडीखाली पुठ्ठा कशाला घातलाय?"

ताईने पुठ्ठा ओढून काढला आणि त्या जागी एक कोरा कागद पसरला. इंजिन चालू केले. दोन खोकी उपडी टाकली, आतून दोन कप चहा आणला आणि एक कप बाबांच्या हातात दिला. "बसा. भांडायचं नाही. नुसतं बघायचं."

बापलेक कागदाकडे बघत बसले. मी तापत गेले. आजवर थेंब धरून ठेवायची माझी धडपड असे, पण त्या सकाळी मला मनापासून वाटले, पडावा एकदाचा. आणि तो पडला. मग दुसरा पडला. पांढऱ्या कागदावर दोन काळपट टिकल्या उमटल्या.

"दोष नव्या ऑइलचा असता," ताई हळूच म्हणाली, "तर ते गेल्यावर दोषही गेला असता."

बाबांचा चहा हातातच निवला. मग ते उठले. "मामाला फोन लाव. सुट्टी आहे, पण ये म्हणावं."

मामाने येऊन गॅरेज उघडले आणि व्हॅन आत घेतली. गिअरबॉक्स खाली उतरवायला त्या दोघांना दुपार झाली. ताईने मला स्क्रूड्रायव्हरने हळूच उचकटले आणि कितीतरी वर्षांनी मी उजेडात आले. तिने माझा ओठ दोन अंगठ्यांत धरून वाकवला. कट्! तुकडा तुटून तिच्या हातात आला. मग तिने डब्यातले नवे सील काढून तसेच वाकवले. ते लवले आणि सोडताच पुन्हा गोल झाले. ताईने जुने आणि नवे, दोन्ही सील बाबांच्या हातात दिले.

बाबांनी मला फिरवून फिरवून पाहिले. "हे तीन आठवड्यांत होणारं काम नाही."

"नाही हो, भाऊजी," मामा म्हणाला. "फार पूर्वी काही सिंथेटिक ऑइलांनी सील आकसायचं, ते खरं होतं. म्हणून लोक अजून तेच धरून बसलेत. आता ऑइलात सील मऊ ठेवायची औषधं असतात. धडधाकट सील असेल तर ऑइल बदलल्यावर थोडंफार फुगेल नाहीतर आकसेल, पण गळणार नाही. हे आधीच गेलेलं होतं. तुमच्या गाळानं भोक बुजवलं होतं, पोरीच्या ऑइलनं ते उघडं केलं, इतकंच."

"चूक माझीही आहे," ताई म्हणाली. "बाटली उघडायच्या आधी मी खाली वाकून सांधा बघायला हवा होता. जुन्या गाडीत असं होऊ शकतं, हे तुम्हाला सांगायला हवं होतं."

"तू एकदा चुकलीस," बाबा म्हणाले. "मी तर गावभर सांगत सुटलो."

नवे सील बसले. गाडी जोडून झाली तेव्हा बाबांनी विचारले, "आता ऑइल कुठलं घालायचं? तू सांग." ताईने पुन्हा सिंथेटिक घातले. मला भंगाराच्या डब्यात टाकायला तिने हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, "थांब, ती रिंग मला दे," आणि मला शर्टाच्या खिशात घातले.

सोमवारी सकाळी व्हॅन रुग्णालयाच्या आवारात उभी राहिली. पहारेकऱ्याने वाकून फरशी पाहिली आणि हाताने 'जा पुढे' अशी खूण केली. बाबा मात्र पुढे गेले नाहीत. त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना हाक मारली, मला खिशातून काढले आणि एकेकाच्या हातात दिले.

"वाकवून बघ. बघ की. अशी झाली होती ही रिंग, माझ्या आळसानं. ऑइलचा दोष नव्हता आणि माझ्या पोरीचा तर नव्हताच. मी तिला सगळ्यांसमोर नावं ठेवली, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय."

मी हातोहात फिरत होते. माझे तुकडे पडत होते आणि मला त्याचे जराही वाईट वाटत नव्हते. जन्मभर जे तोंडाने सांगता आले नाही, ते प्रत्येकाच्या बोटांना कळत होते.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल, सायकल असेल, पाण्याचा पंप असेल, तर त्याच्या आत वेळच्या वेळी बघत जा, नुसत्या काचा पुसू नका. आणि काही बिघडले तर सगळ्यात नवीन कोण आले, एवढे बघून बोट दाखवू नका. माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तिथे गप्प बसलेली असते आणि तिच्यापायी एखादी पोर मान खाली घालून पंक्चर काढत असते.

त्या दिवशी मी शेवटी ज्याच्या हातात गेले, त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "सावकाश, तुझी पोर उद्या असेल का गॅरेजवर? माझी गाडी तिलाच दाखवीन म्हणतो."